तीन सूत

स्वयंपाकघर आणि बैठक यांमधली भिंत
आम्ही सोमवारी पाडली.
एला कॉर्पेला बाई हातात कॉफीचा मग धरून
धुरळ्यातच उभ्या, जणू बस यायचीय.
एकतीस वर्षं शाळेची बस चालवली त्यांनी
डुलुथच्या उभ्या उतारांवर,
चाकांना साखळ्या बांधून.

भिंत गेली तसा वरचा भार उघडा पडला.
तुळई टाकली. डाव्या टोकाखाली लोखंडी नळा.
उजवं टोक बाहेरच्या भिंतीत शिरतं,
तिथे खांबाची गरजच नाही.
पण बाईंनी कॅटलॉगावर बोट ठेवलेलं: दोन.
एकटा खांब दिसतो कसा माहितेय,
लग्नाच्या फोटोतून
एकाला कापून काढल्यासारखा.
हे त्या म्हणाल्या. मी नव्हे.

खांब गुरुवारी आले, खोक्यात आडवे,
प्रत्येकाच्या दोन फाका,
काकडी उभी चिरावी तशा.
आत हात घातला तर फायबरची कुसळं
आणि फॅक्टरीचा वास.
एमेट, माझा पोऱ्या, एक फाक खांद्यावर घेऊन
भर खोलीत गिरकी घेता झाला.
"आणि यावर घर उभं राहणार?"
यावर नाही रे. याच्या आत जे आहे त्यावर.
"आणि दुसऱ्याच्या आत?"
मी फीत शोधायला लागलो.

डावीकडे जमिनीपासून छतापर्यंत सात फूट दहा इंच.
उजवीकडे तीन सूत जास्त.
पुन्हा धरली फीत. तीन सूतच.
शंभर वर्षं हे घर टेकडीवरून सरोवराकडे बघत
एका कुशीवर बसत चाललंय,
बाहेरून कुणाच्या लक्षातही येणार नाही असं.
बाईंना सांगितलं, उजवीकडची जमीन खचलीय.
"हं," त्या म्हणाल्या. "तिथे त्याची खुर्ची होती."

डावा खांब नळ्याभोवती मिटला.
गोंद, पट्टे, रात्रभर आवळून ठेवला.
शुक्रवारी उजवा मिटायला घेतला, तर
बाई "थांबा" म्हणून तळघरात उतरल्या
आणि वर आल्या त्या गिरमिट घेऊन.
बर्फाला भोक पाडून मासे धरायचं, हाताने फिरवायचं,
निळ्या रंगाचे पोपडे सुटलेलं,
उभं केलं तर माझ्या छातीला लागेल एवढं.
"रेनोचं. आत मावेल?"

रेनो तीन वर्षं ॲरिझोनात आहे,
दातांच्या डॉक्टरकडे फोन घ्यायची, त्या बाईबरोबर.
दर महिन्याला विचारतो, गिरमिट कधी पाठवतेस.
"तिकडे कुठला बर्फ?" एमेट.
"भिंतीवर टांगायचंय. शोभेला म्हणे."
बाई त्या उघड्या फाकेकडे बघत राहिल्या.
"शोभेचं काम तर इथेही चाललंय."

माप घेतलं. दांडा वाकडा, सरळ बसेना,
जरा तिरपं केलं, पातं खाली, मग बसलं.
हलून वाजू नये म्हणून
गालिच्याचा तुकडा गुंडाळायला घेतला मी.
"राहू दे," त्या म्हणाल्या. "वाजू दे."

मग लांबी, पॉलिश पेपर, रंगाचे दोन हात.
सांधा नखालाही सापडेना.
खाली तीन सुतांची पाचर सारली,
तिच्यावर पट्टी मारली. झालं.
बिलात खांब दोन, मजुरी,
पाडलेल्या भिंतीचा ढिगारा उचलायचे वेगळे.
गिरमिटाचं काही लावलं नाही.
काय म्हणून लावणार होतो?

निघताना एमेटने दोन्ही खांबांवर टिचकी मारली.
डावा गप्प. त्याला काम आहे.
उजवा आतल्या आत किणकिणला
आणि जरा वेळ किणकिणतच राहिला.

तेवढ्यात फोन वाजला. बाईंनी उचलला.
खिडकीबाहेर सरोवराच्या काठाशी
बर्फाची पहिली साय धरत होती.
"नाही, रेनो, नाही सापडत," त्या म्हणाल्या,
"सगळं घर पालथं घातलं."

एवढं मात्र खोटं नव्हतं.
घर पालथं घातलंच होतं.
आम्हीच, सोमवारपासून.